संगणकाचा आरंभ आणि त्यातील विघ्ने

विद्युत्‌पुरवठा बंद होताच संगणकाची कार्यस्मृती संपूर्ण रिकामी होते. पुन्हा कळ दाबली जाते त्या क्षणी तिच्यात एकही आज्ञा शिल्लक नसते, आणि आज्ञेवाचून यंत्र काहीच करू शकत नाही. डिस्कवरील आज्ञावली स्मृतीत आणावी म्हटले, तर ती आणण्याचे कामही दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीनेच करावयास हवे. मग सर्वांत पहिली आज्ञावली कोणी आणावयाची? बूट पायात चढविताना ओढावयाची एक पट्टी त्याच्या मागील बाजूस असते. तीच पट्टी धरून स्वतःला जमिनीवरून वर उचलणे, अशा एका अशक्यप्राय गोष्टीचे उदाहरण इंग्रजीत रूढ आहे. त्यावरूनच संगणक सुरू करण्याच्या क्रियेस 'बूट करणे' हे नाव पडले. १९७५ साली निघालेल्या अल्टेर ८८०० या यंत्रावर ही पहिली आज्ञावली मनुष्यालाच समोरचे खटके वरखाली करून, एकेक आकडा मोजून, स्मृतीत भरावी लागे. आता ते काम यंत्रातील मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये, वीज गेली तरी न पुसता राहणारी आज्ञावली करते. जुन्या यंत्रांत तिला बायॉस म्हणत. नव्या यंत्रांत तिची जागा यूईएफआय या व्यवस्थेने घेतली आहे.

आग विझविताना माणसे रांगेने उभी राहून एकमेकांच्या हाती घागरी देतात, त्याप्रमाणे येथे एक आज्ञावली आपले काम संपवून यंत्र पुढच्या आज्ञावलीच्या हाती सोपविते. चिपमधील आज्ञावली डिस्कवरील 'बूटलोडर' शोधते. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांत हा बहुधा ग्रब नावाचा असतो. ग्रब कर्नल उचलून स्मृतीत ठेवतो व त्याच्यासोबत एक लहानसे गाठोडेही आणतो. त्या गाठोड्याविषयी पुढे विस्ताराने सांगावयाचे आहे. कर्नल यंत्राच्या निरनिराळ्या भागांची ओळख करून घेतो, डिस्कवरील मुख्य फाइलव्यवस्था जोडतो आणि अखेरीस सिस्टिमडी या पहिल्या सेवकास जागे करतो. पडदा, जाळे, छपाई, माहितीसाठा इत्यादी इतर सेवा हा सेवक सुरू करतो. या रांगेत कोणाचाही हात चुकला की घागर तेथेच सांडते.

येथे 'कर्नल' या शब्दाचा सैन्यातील हुद्द्याशी काही संबंध नाही. उच्चार तेवढा सारखा. कठीण कवचाच्या फळातील गर, मगज, असा त्याचा मूळ अर्थ आहे. स्मृतीची वाटणी, प्रोसेसरचा वेळ, डिस्क, कळफलक, पडदा या सर्वांवर प्रत्यक्ष अधिकार चालतो तो कर्नलचा. बाकी सर्व कार्यक्रम त्याच्याकडे विनंती करून आपले काम करून घेतात. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा कर्नल प्रसिद्ध केला. आज सुमारे नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारखे वितरक त्यांतून आपल्याला हवी ती निवडून, तपासून, सुरक्षेच्या दुरुस्त्यांसह लोकांपर्यंत पोचवितात. तेव्हा कर्नल बदलणे ही काही विशेष घटना नव्हे. चालू स्थितीतील संगणकावर वर्षातून कित्येकदा, पुष्कळदा वापरणाऱ्याच्या नकळत, ती घडत असते.

याच नकळतपणातून पहिला घोटाळा उद्भवतो. नवा कर्नल डिस्कवर येऊन बसला, तरी स्मृतीत चालू असलेला जुना कर्नल तसाच चालत राहतो. नव्याची पाळी येते ती यंत्र पुन्हा सुरू केल्यावरच. एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. देवघेवीच्या टेबलावरील संगणकावर डेबियन लिनक्स आणि त्यावर 'कोहा' ही ग्रंथालय-व्यवस्था चालते. (ही व्यवस्था न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयासाठी तयार झाली आणि जानेवारी २००० मध्ये प्रथम वापरात आली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. ती विनामूल्य घेता येत असल्याने भारतातील अनेक ग्रंथालयांनीही तिचा स्वीकार केला आहे.) हा संगणक दीड-दोन महिने अखंड चालू आहे. मध्यंतरी केव्हातरी नवा कर्नल आला. मग पावसाळ्यातील एका रात्री वीज जाते, बॅटरीही संपते, आणि सकाळी यंत्र सुरू केले असता काळ्या पडद्यावर चार अगम्य ओळी उमटून सर्व काही थांबते. साहजिकच सर्वजण विजेला दोष देतात. डिस्क जळाली असावी, असेही कोणी सुचवितो. वस्तुतः डिस्क धडधाकट असते. दोष पाच आठवड्यांपूर्वी येऊन ठेपलेला होता, वीज जाणे हे केवळ निमित्त झाले. म्हणून 'काल काय बदलले?' या प्रश्नाने येथे भागत नाही. 'गेल्या वेळी यंत्र पुन्हा सुरू केले तेव्हापासून काय काय बदलले?' असे विचारावे लागते. डेबियनमध्ये आज्ञावली बसविणारी व्यवस्था तारीखवार नोंद ठेवते. यंत्र कोणत्याही उपायाने उघडता आले की या प्रश्नाचे उत्तर त्या नोंदीत मिळते.

अशा प्रसंगी खरे नुकसान कर्नलमुळे क्वचितच होते. ते घाबरलेल्या माणसाच्या हातून होते. ग्रंथालयाची दाखल नोंदवही, सभासदांची यादी, कोणाकडे कोणते पुस्तक आहे याचा हिशेब, हे सर्व डिस्कच्या दुसऱ्याच भागात असते आणि कर्नल सुरू झाला नाही म्हणून त्यास धक्का पोचत नाही. कुलूप बिघडले म्हणजे घरातील सामान चोरीस गेले असे नव्हे. परंतु घाईने बोलाविलेला कारागीर 'सर्व नव्याने टाकून देतो' असे म्हणतो, त्या नव्याने टाकण्याच्या क्रियेत डिस्क पुसली जाते आणि वर्षानुवर्षांचे काम एका तासात नाहीसे होते. तेव्हा कारण कळेपर्यंत डिस्कवर काहीही लिहावयाचे नाही, हा येथील पहिला नियम. दुसरा नियम, पडद्यावर जे दिसते ते अक्षरशः उतरून घ्यावे किंवा त्याचे छायाचित्र काढावे. अगम्य वाटणाऱ्या त्या ओळींतच निदान असते.

घागर नेमकी कोणाच्या हातून सांडली, हे ओळखण्याची एक सुरेख युक्ती लिलो या जुन्या बूटलोडरमध्ये होती. तो आपल्या नावाची चार अक्षरे एकदम लिहीत नसे. कामाचा एकेक टप्पा पार पडला की एकेक अक्षर उमटवी. केवळ 'एल' हे अक्षर दिसून यंत्र थांबले, तर लोडरचा पहिला भाग सुरू झाला पण त्याला दुसरा भाग आणता आला नाही. 'एल आय' दिसले, तर दुसरा भाग आला पण चालू झाला नाही. पूर्ण नाव उमटले की सर्व ठीक. मात्र लिलोची एक खोड होती. कर्नलची फाइल नावाने शोधण्याऐवजी ती डिस्कच्या कोणत्या खंडांत आहे याचे टिपण तो आधीच करून ठेवी. कर्नल बदलल्यावर लिलोची आज्ञा पुन्हा चालविण्यास कोणी विसरले, की टिपण जुने आणि फाइल भलतीकडे, अशी गत होई. १९९० च्या दशकात असंख्य यंत्रे या एका विस्मरणामुळे अडकली. लिलोचे काम २०१५ अखेर थांबले. ग्रबला फाइलव्यवस्था वाचता येते, त्यामुळे तो कर्नल नावाने शोधतो आणि हा दोष त्याच्यात नाही.

आजच्या यंत्रातही टप्पा ओळखणे कठीण नाही. ग्रबची यादीच दिसली नाही, तर कर्नलला दोष देण्याचे कारण नाही. लोडर किंवा त्याच्या आधीची व्यवस्था पाहावी. यादी दिसते, पण कर्नल निवडताच 'स्वाक्षरी अमान्य' अशा अर्थाचा संदेश येतो, तेव्हा यूईएफआयमधील 'सिक्युअर बूट' या पहारेकऱ्याने त्यास अडविलेले असते. हे बहुधा स्वतः तयार केलेल्या कर्नलच्या बाबतीत घडते. सर्व ओळी सुरळीत सरकतात आणि ऐन शेवटी पडदा काळा होतो, पण शेजारच्या यंत्रावरून या संगणकाशी जाळ्यामार्फत बोलता येते, तर यंत्र सुरूच झालेले असते. बिघडलेला असतो तो केवळ पडद्याचा ड्रायव्हर. काही ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाहीत, निर्माते ते वेगळे देतात. एनव्हिडियाचे पुष्कळ ड्रायव्हर याच जातीचे. अशा ड्रायव्हरची प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधणी व्हावी लागते. ती आपोआप करणारी डीकेएमएस नावाची व्यवस्था असली, तरी बांधणी फसल्याचे तिने दिलेले निवेदन सहसा कोणी वाचत नाही.

सर्वांत अधिक भय निर्माण करणारा आणि वस्तुतः सर्वांत अधिक माहिती देणारा संदेश म्हणजे 'कर्नल पॅनिक'. मुख्य फाइलव्यवस्था जोडता येत नाही, असे त्यात म्हटलेले असते आणि शेवटी 'अननोन ब्लॉक' या शब्दांपुढे कंसात दोन आकडे असतात. वाचणाऱ्याची दृष्टी त्या दोन आकड्यांवर गेली पाहिजे. दोन्ही शून्ये असतील, तर कर्नलला डिस्क मुळी दिसलेलीच नाही. पहिला आकडा ८ असेल, तर साटा किंवा तत्सम जातीची डिस्क त्याला दिसली आहे, परंतु तिच्यावरील लेखन त्याला वाचता येत नाही. या दोन अवस्थांचे उपाय अगदी भिन्न आहेत.

डिस्क न दिसण्याचे कारण समजण्यासाठी आता त्या गाठोड्याकडे वळावे लागेल. डिस्कशी बोलण्यासाठी कर्नलला तिचा ड्रायव्हर लागतो. जगातील सर्व डिस्कांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच कोंबले तर तो अवाढव्य होईल. म्हणून ते वेगवेगळ्या फाइलींत ठेवतात. पण या फाइली कोठे असतात? त्याच डिस्कवर! किल्ली आत राहून दार ओढले जावे, तसा हा प्रकार आहे. त्यावर उपाय म्हणून आवश्यक तेवढे ड्रायव्हर आणि काही छोटी साधने यांचे एक गाठोडे आधीच बांधून ठेवतात. कर्नलबरोबर ग्रब तेही स्मृतीत आणून ठेवतो. या गाठोड्यास इनिट्रामएफएस म्हणतात. दाराबाहेर, पायपुसण्याखाली ठेवलेली ही जादा किल्ली होय. प्रत्येक कर्नलची किल्ली वेगळी असते. नवा कर्नल बसविताना तिचे गाठोडे नव्याने बांधले जाते, आणि कर्नल बदलल्यावर येणाऱ्या अडचणींचे मूळ पुष्कळदा या बांधणीतच सापडते.

बांधणी अपुरी राहण्याचे अगदी सामान्य कारण जागेचा अभाव हे आहे. 'बूट' नावाचा डिस्कचा विभाग अनेकदा लहान असतो. जुने कर्नल साचत जातात, विभाग भरतो आणि नवे गाठोडे अर्धवट लिहिले जाते किंवा लिहिलेच जात नाही. फेडोरामध्ये सामान्यतः तीनच कर्नल ठेवून त्याहून जुना काढून टाकला जातो तो याचसाठी. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. डेबियनमध्ये गाठोडे दोन प्रकारे बांधता येते. एका प्रकारात बहुतेक सर्व प्रचलित ड्रायव्हर घेतले जातात. दुसऱ्यात त्या यंत्राला लागतील तेवढेच. दुसऱ्या प्रकाराने गाठोडे लहान होते खरे, पण तीच डिस्क दुसऱ्या यंत्रात लावली, तर ते तेथे निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो.

कधी किल्ली ठीक असते, पण घराची पाटीच बदललेली असते. २००७ च्या सुमारास हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. तोवर जुन्या आयडीई जातीच्या डिस्कला लिनक्समध्ये 'एचडीए' असे नाव मिळे. नव्या ड्रायव्हरांनी त्याच डिस्कला 'एसडीए' म्हणावयास सुरुवात केली. यंत्राच्या नोंदींत जुने नाव लिहिलेले असे. कर्नल त्या नावाची डिस्क शोधीत बसे आणि शेवटी हताश होई. डिस्क समोरच उभी, पण नावाने ओळख पटत नाही! त्यानंतर डिस्कच्या विभागास दिलेल्या एका दीर्घ, एकमेव क्रमांकाने त्याचा निर्देश करण्याची पद्धत रूढ झाली. आजही एखाद्या जुन्या यंत्राच्या नोंदीत डिस्कचे असे अल्पाक्षरी नाव आढळल्यास त्याकडे संशयाने पाहावे.

आता उपायाविषयी. पहिला उपाय इतका सोपा आहे की तो पुष्कळांना सुचतच नाही: जुना कर्नल निवडावा. वितरक नवा कर्नल बसविताना जुना पुसत नाहीत, त्याच्याशेजारीच ठेवतात. ग्रबच्या यादीत 'प्रगत पर्याय' या अर्थाची एक ओळ असते. तिच्यात मागील कर्नल सापडतात. यादी दिसतच नसेल, तर यंत्र सुरू होताना एस्केप ही कळ, किंवा जुन्या बायॉसच्या यंत्रांत शिफ्ट ही कळ दाबावी. जुन्या कर्नलने यंत्र सुरू झाले, तर ग्रंथालयाची देवघेव त्या दिवशी सुरू होते एवढाच त्याचा लाभ नाही. डिस्क, स्मृती, फाइलव्यवस्था ही सर्व निर्दोष असल्याचे त्याने जवळजवळ सिद्ध होते, आणि शोधाचे क्षेत्र नवा कर्नल, त्याचे गाठोडे व त्याचे ड्रायव्हर एवढ्यापुरते उरते. त्यानंतर 'बूट' विभागात जागा किती आहे ते पाहावे, निरुपयोगी झालेले कर्नल काढावेत, नव्या कर्नलचे गाठोडे पुन्हा बांधण्याची आज्ञा द्यावी आणि ती आज्ञा काय बोलते ते शेवटपर्यंत वाचावे.

नवा कर्नल कोठे अडतो हे पाहावयाचे असल्यास ग्रबच्या यादीत 'ई' ही कळ दाबली असता कर्नलला द्यावयाच्या सूचना संपादित करता येतात. तेथील 'क्वाएट' हा शब्द काढला की कर्नलचे मौन सुटते. हा बदल त्या एका खेपेपुरताच असतो, डिस्कवर लिहिला जात नाही. त्यामुळे तो निःशंकपणे करून पाहावा. एका वेळी मात्र एकच बदल करावा. तीन गोष्टी एकदम बदलून यंत्र सुरू झाले, तर कोणत्या औषधाने गुण आला हे कधीच कळत नाही.

जुन्या कर्नलनेही यंत्र सुरू होत नसेल, तर पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्सची प्रत उपयोगी पडते. यंत्र तिच्यावर सुरू करावे, आतील डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडावी आणि सर्वांत आधी माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी. डेबियनवर नेहमीच्या पद्धतीने बसविलेली कोहा रोज आपल्या माहितीसाठ्याची प्रत काढून ठेवते. पण ती त्याच डिस्कवर! अनेक ग्रंथालये 'आमच्याकडे रोजची प्रत आहे' म्हणून निश्चिंत असतात, त्यांच्या हे ध्यानी आलेले नसते. प्रत सुरक्षित झाल्यावर डिस्क लिहिण्यासाठी जोडून, 'सीएचरूट' या आज्ञेने जणू तिच्यावरील व्यवस्थेच्या आत प्रवेश करता येतो आणि आतूनच गाठोडे बांधता येते. येथे एक चूक वारंवार होते. 'बूट' विभाग स्वतंत्र असेल आणि तो जोडावयाचा राहिला, तर नवे गाठोडे त्याच नावाच्या रिकाम्या निर्देशिकेत जाऊन पडते. आज्ञा यशस्वी होते, यंत्र मात्र पूर्ववत अडलेले राहते, आणि मनुष्य गोंधळून जातो.

मागील कर्नल हाताशी असणे ही किती मोठी सोय आहे, याचा प्रत्यय जगाला १९ जुलै २०२४ रोजी आला. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीची एक माहितीफाइल विंडोज यंत्रांवर पोचली. ती वाचणारा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्येच चालत असे. फाइलीतील दोषामुळे तो कोसळला आणि त्याच्याबरोबर संपूर्ण यंत्र. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लक्ष संगणक त्यात सापडले. कंपनीने फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली. पण जे यंत्र सुरूच होत नाही, त्याला दुरुस्ती पोचवावयाची कशी? अगणित यंत्रांपुढे माणसांनी प्रत्यक्ष बसून, ती सुरक्षित अवस्थेत सुरू करून, ती एक फाइल हाताने काढून टाकली. ज्यांच्या डिस्क संकेतबद्ध होत्या, त्यांना प्रत्येक यंत्राची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली शोधावी लागली. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले.

याउलट, यंत्र सुरू झाले म्हणजे कर्नल निर्दोष, असेही मानता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२ च्या ६.१.६४ या कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइलव्यवस्थेतील माहिती बिघडू शकेल असा दोष आढळला. यंत्रे सुरळीत सुरू होत होती! डेबियनने १२.३ या आवृत्तीचे वितरण थांबविले आणि १० डिसेंबर रोजी सुधारलेल्या कर्नलसह १२.४ प्रसिद्ध केली. तोवर जुन्या कर्नलवर राहणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

दोष खरोखरच कर्नलमध्ये असला, तर तो शोधण्याची रीत सामान्य वाचकाला आश्चर्यकारक वाटेल. दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजारांहून अधिक बदल असतात. हे सर्व बदल क्रमाने मांडून मधोमध असलेल्या अवस्थेचा कर्नल बांधतात आणि यंत्र सुरू करून पाहतात. सुरू झाले, तर दोष उत्तरार्धात. न झाले, तर पूर्वार्धात. मग उरलेल्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग. अशा सुमारे चौदा चाचण्यांत दहा हजारांतील एक दोषी बदल हाती लागतो. टोरवाल्ड्स यांनीच २००५ साली निर्मिलेल्या गिट या साधनात यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे. या कामाला कर्नलचे अंतरंग कळावे लागत नाही. चिकाटी आणि वेळ मात्र लागतो. ज्याच्या यंत्रावर दोष दिसतो तोच हे काम करू शकतो. विकासकाजवळ ते यंत्र नसतेच.

दुरुस्ती झाल्यावर कोणता कर्नल चालू आहे ते 'युनेम' या आज्ञेने विचारून खात्री करावी; नकळत जुन्यावरच यंत्र चालू राहिल्याचे दाखले कमी नाहीत. त्यानंतर यंत्र दोनदा सुरू करून पाहावे, एकदा आज्ञेने आणि एकदा विद्युत्‌पुरवठा पूर्ण तोडून, कारण काही उपकरणे आज्ञेने सुरू केल्यास मागील अवस्था धरून ठेवतात आणि त्यांचा दोष थंड यंत्र सुरू करतानाच प्रकट होतो. हे काम ग्रंथालय उघडण्यापूर्वी, जाणकार मनुष्य जागेवर असताना उरकावे.